पार्श्वभूमी आपोआप भरली आहे

मंगळवारी सकाळी महानंदा तोडकरी यांचा डावा खांदा पोपटी झाला. हिरवट वगैरे नाही, हॉलच्या भिंतीला दिलेल्या ऑइलपेंटसारखा चांगला पोपटी, आणि बोटाने वाजवलं तर तसाच टणक. त्यांनी पदर ओढून घेतला आणि चहाचं आधण ठेवलं.

हे कुठून आलं ते त्यांना लगेच कळलं. आदल्या दिवशी त्यांनी एका फोटोतून स्वतःला पुसलं होतं. रामलिंगरावांचं पहिलं पुण्यस्मरण येत्या रविवारी होतं, आणि नवऱ्याचा धड असा एकच फोटो घरात होता, वास्तुशांतीचा, दोघांचा. त्यात त्यांच्या शर्टाच्या खिशात मोबाईल होता. उजव्या हातात नारळ होता, जो पूजा आटपेपर्यंत खाली ठेवायचा नाही असं पूजा सांगणाऱ्या स्वामींनी बजावलं होतं. डावा हात महानंदाबाईंच्या खांद्यावर. अख्ख्या संसारात चारचौघांत तो हात तिथे एकदाच आला, तोही फोटोवाल्याने दोनदा सांगितल्यावर.

पण जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत. उगीच अपशकुन नको म्हणून त्यांनी मोबाईलमधल्या ॲपवर स्वतःवरून बोट फिरवलं. ‘पार्श्वभूमी आपोआप भरली आहे,’ असं ॲपने कळवलं आणि अनुभव कसा वाटला ते विचारलं. महानंदाबाईंनी भिडेपोटी पाच तारे दिले. फोटोत त्यांच्या जागी भिंत आली होती. रामलिंगरावांचा हात मात्र तसाच राहिला, हवेत टेकलेला.

परत यायची सोय ॲपमध्ये नव्हती असं नाही. एक जाहिरात पाहिली की एक अवयव पुढच्या जेवणापर्यंत मिळे. जाहिरातीत एक राजा विहिरीत अडकलेला असायचा, पाणी चढत जायचं, आणि कुणीतरी हटकून चुकीची खुंटी ओढायचं. महानंदाबाईंना त्याची फार दया येई. बंद करायची फुली जिऱ्याएवढी होती आणि बोट जवळ नेलं की बाजूला सरके. खांद्यासाठी त्यांनी राजाला एकदा बुडताना पाहिलं, मानेसाठी दोनदा. मिळालेल्या प्रत्येक अवयवावर ॲपचा शिक्का असायचा. कपाळ परत आलं तेव्हा तो नेमका कुंकवाच्या जागी होता. आरशात तो पाहून मात्र त्यांना रडू आवरलं नाही.

गुरुवारी त्यांच्या पोटावर विजेचा बोर्ड आला, कारण फोटोत त्यांच्या मागे बोर्ड होता. मुलगा शिवानंद कामावरून घामाघूम होऊन आला आणि जाता जाता त्याने त्यातलं एक बटण दाबलं. पंखा सुरू झाला.

“शिवा, मी आहे रे,” त्या म्हणाल्या.

त्याने भिंत निरखून पाहिली. “आई? मला तू नीट दिसंना झालीस.”

मुलगा गुणी होता. शुक्रवारी महानंदाबाईंची बोटंही ऑइलपेंटची झाली आणि मोबाईलला त्यांचा स्पर्श कळेना, तेव्हा रजा टाकून तो आईसाठी जाहिराती बघत बसला. चाळीस राजे बुडाल्यावर ॲपने कळवलं की ज्याने पाहिलं त्यालाच अवयव मिळतील. त्याच्याकडे अवयव पुरेसे होते. त्याने ॲपच्या मदतकेंद्राला लिहिलं. तिकडून ताबडतोब उत्तर आलं की तुमचा त्रास आम्ही समजू शकतो, आणि खाली पाच रिकामे तारे होते.

एकच वाट उरली, कायमचं सदस्यत्व.

रविवारी पाहुणे जमले. चौरंगावर हार घातलेला फोटो होता आणि समोरच्या भिंतीत महानंदाबाई होत्या. आता त्यांचे डोळे आणि तोंड तेवढं उरलं होतं. एका मावशीने चपला त्यांच्या पायापाशी काढून ठेवल्या आणि महानंदा कुठे दिसत नाही, असं विचारलं. शिवानंदने सदस्यत्वासाठी कार्डाचा नंबर भरला आणि थांबला.

“आई, हे खातं बाबांच्या नंबरवर आहे. ओटीपी तिकडं गेला.”

“तो नंबर तू बंद केलास ना?”

“केला. पण पोचला म्हणतंय.”

पडद्यावर तीसपासून आकडे उलटे सुरू झाले. चौरंगावर, हाराच्या आत, रामलिंगरावांचा खिसा उजळला आणि फोन थरथरू लागला. रामलिंगरावांनी मान खाली घालून खिशाकडे पाहिलं, मग नारळाकडे पाहिलं. फोटोतली पूजा अजून आटपली नव्हती.

“अहो, डावा हात काढा,” महानंदाबाई म्हणाल्या. “फोन घ्या आधी. तिथं कुणी नाही.”

अकरा. दहा. त्यांना ऐकू गेलं असावं, कारण त्यांनी शेजारच्या पोपटी जागेकडे वळून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. चार. तीन. या वेळी कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी तो हात तिथेच आणखी घट्ट दाबला.