एका मालकाची दोन प्रतिज्ञापत्रं

माझा भागीदार आणि मी एकाच पाटीखाली वकिली करतो आणि एकमेकांचं तोंड बघत नाही. भांडण झालं खिडकीच्या केबिनवरून. मी सुट्टीवर असताना त्याने ती बळकावली. तेव्हापासून त्याच्या फायली तो बघतो, माझ्या मी, आणि मधल्यामध्ये कारकुनाचा जीव जातो. या पोरकटपणापायी त्या दिवशी मी भर कोर्टात तोंडघशी पडले.

अशील होता एक बिल्डर. त्याला सगळे मालक म्हणतात, फोनवर तो स्वतःही "मालक बोलतोय" असंच सुरू करतो. त्याने ठेकेदाराचं बिल थकवलं, म्हणून ठेकेदाराने कंपनीला दिवाळखोरीत काढायचा अर्ज ठोकला. असा अर्ज उधळायचा आमच्या धंद्यातला रस्ता ठरलेला आहे. बिलावरून आधीपासून वाद होता एवढं दाखवायचं. वाद असेल तर दिवाळखोरीचं कोर्ट हात लावत नाही, दुसरीकडे जाऊन भांडा म्हणतं. मालकाच्या जुन्या पत्रव्यवहारात मला तळघरातल्या खांबांना तडे गेल्याची तक्रार सापडली आणि मी त्या खांबांवर तुटून पडले. काम कसं निकृष्ट आहे, इमारत कशी राहण्याच्या लायकीची नाही, असं उत्तराच्या प्रतिज्ञापत्रात पानामागून पान लिहिलं. मालकाने न वाचता सही केली. कागदावर सहीच्या जागी रंगीत चिकटपट्टी दिसली की त्याचा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे जातो.

त्याच आठवड्यात भागीदाराने त्याच मालकाची दुसऱ्या प्रतिज्ञापत्रावर सही घेतली होती. ते गेलं घरबांधणीच्या नियामकाकडे, लोकांना राहायला जायची परवानगी मिळावी म्हणून. त्यात शपथेवर लिहिलं होतं की इमारत ठणठणीत आहे, कुठेही तडा नाही. मला याचा पत्ताच नव्हता, कारण विचारायला त्या केबिनमध्ये जावं लागलं असतं.

आणि त्या इमारतीत माझ्या धाकट्या भावाचं घर आहे. ताईच्या अशिलाची इमारत म्हणून त्याने डोळे झाकून घेतलं. त्याच्या घरमालकाने जागा सोडायला सांगितली आहे, बायकोचे दिवस भरत आलेत, भांडीकुंडी खोक्यांत बांधून ठेवली आहेत. परवानगी आली की चावी मिळणार. आणि कंपनी दिवाळखोरीत गेली, तर ती चावी कुणाच्या टेबलावर किती वर्षं पडून राहील ते कुणीच सांगू शकत नव्हतं. म्हणून तो रजा टाकून कोर्टात आला होता आणि मागच्या बाकावर बसून मी काय बोलते ते ऐकत होता.

ठेकेदाराचा वकील म्हणजे माझा जुना गुरू. वकिलांच्या खोलीत त्याला गोडबोल्या म्हणतात. माझं भाषण संपेपर्यंत तो हसतमुखाने ऐकत राहिला. मग उठला.

"बाईंचं ऐकून मला त्या इमारतीजवळून जायचीसुद्धा धास्ती वाटायला लागली, साहेब," तो म्हणाला. "पण याच मालकांनी नियामकाला शपथेवर काय सांगितलंय, तेवढं वाचून दाखवतो."

त्याने वाचलं. अगदी सावकाश, प्रत्येक शब्दाची चव घेत. न्यायाधीशांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि चष्मा काढला.

"सही एकाच माणसाची. आठवडाही तोच. यातलं खरं कुठलं? जेवणानंतर सांगा, आणि नीट सांगा."

बाहेर जिन्याजवळ भागीदार धावत आला. अबोला मोडायला त्याला हीच वेळ सापडली.

"घाबरू नकोस," तो म्हणाला. "तेव्हा तडे होते, म्हणून बिलावरून वाद होता. नंतर दुरुस्ती केली, म्हणून आता इमारत ठणठणीत. दोन्ही प्रतिज्ञापत्रं खरी. झालं काम."

हा माणूस माझ्या डोक्यात जातो, पण त्याला डोकं आहे हे मान्य करावंच लागेल. कंपनी वाचत होती, परवानगी मिळत होती, भावाच्या हातात चावी पडत होती. मालकाचा चेहरा उजळला. मी त्याला बाजूला घेतलं.

"दुरुस्ती कुणी केली?"

"झाली ना, मॅडम."

"खांब फोडून आतलं लोखंड बघितलं का कुणी?"

"गिलावा मारलाय. वरून रंग दिलाय. दिसतंय का काही? मग झाली की दुरुस्ती."

"आणि आतले तडे?"

"आत कोण बघायला जातंय?" तो खेकसला. "तुम्हाला मी बोलायचे पैसे देतो, उलटतपासणी घ्यायचे नाही."

त्याच्या एक ठेवून द्यावी असं वाटलं. त्या गिलाव्याच्या वर, चौथ्या मजल्यावर, माझ्या भावजयीने पाळण्यासाठी कोपरा निवडून ठेवला होता.

वळले तर भाऊ समोर. भागीदाराने त्याला सगळी युक्ती आधीच सांगून ठेवली होती. भावाला पुढे केलं की ही वाकेल, असा त्याचा हिशेब.

"ताई, दुरुस्ती झाली म्हण आणि सोडव एकदाचं," भाऊ म्हणाला. "एकच वाक्य आहे गं. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी बोलतेस, आज माझ्यासाठी बोल."

अशिलाने वकिलाच्या कानात सांगितलेलं बाहेर काढता येत नाही, सख्ख्या भावापाशीसुद्धा नाही. मी म्हटलं, "बघते."

"बघते काय? हो म्हण!"

मी हो म्हटलं नाही.

जेवणानंतर मी उभी राहिले. "तडे आहेत, या माझ्या उत्तरावर मी कायम आहे, साहेब. दुरुस्ती झाली आहे असं मी या कोर्टाला सांगू शकत नाही."

न्यायाधीशांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं आणि निकाल सांगितला. वाद जुना दिसतो, सबब दिवाळखोरीचा अर्ज फेटाळला. निकालाची प्रत नियामकाकडे जाईल, आणि खांबांची तपासणी होईपर्यंत कुणालाही राहायला जाऊ देऊ नये.

मालक बाहेर येऊन दातओठ खात म्हणाला, "जिंकून बुडवलंत मला. उद्या फायली परत पाठवा." भागीदार त्याच्यामागे धावला, त्याची समजूत काढायला आणि बहुधा फायली आपल्याकडे वळवायला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण मनात कुठेतरी मी स्वतःवर खूश होते. भावाला सगळं सांगता येणार नव्हतं, तरी तो समजून घेईल अशी माझी खात्री होती.

तो माझ्याकडे येतच होता, तेवढ्यात गोडबोल्याने माझी पाठ थोपटली.

"शाब्बास! दुरुस्तीचा आव आणला असतास ना, तर मी पुरावा मागून तिथल्या तिथे सोललं असतं तुला. घरं घेणाऱ्यांवर पाणी सोडलंस आणि अर्ज वाचवलास. शेवटी शिष्या कुणाची!"

मोठ्याने हसत तो निघून गेला. भाऊ तिथेच उभा राहिला. त्याने शब्दन् शब्द ऐकला होता.

"असं नाहीये रे," मी म्हणाले.

"मग कसं आहे?"

"तडे खरंच आहेत."

"तुमच्याच ऑफिसने नाहीत म्हणून लिहून दिलंय. शपथेवर."

"माझ्यावर विश्वास ठेव. त्या घरात राहायला जाऊ नकोस."

"तुला कसं माहीत? कुणी सांगितलं?"

मालकाने कानात सांगितलेलं मला ओठांवर आणता येत नव्हतं. कोर्टात मी तासन्‌तास बोलू शकते, पण त्याला द्यायला माझ्याकडे एक वाक्य नव्हतं. शेवटी त्याने मान हलवली.

"जाऊ दे. खोकी सोडायला सांगतो हिला," तो म्हणाला. "विचारेलच ती काय झालं म्हणून. सांगतो, ताई केस जिंकली."