खंडेनवमीला बंद झालेली कोडवही

मित्रांनो, मी वही आहे, पण मला पानं नाहीत, पुठ्ठा नाही आणि मला दप्तरातही घालता येत नाही. तुम्ही फोनवर ज्या ब्राउझरमध्ये वेबसाइट बघता ना, त्याच ब्राउझरमध्ये मी उघडते. माझ्यात एक चौकट असते. तिच्यात प्रोग्राम लिहायचा, 'चालव' असं बटण दाबायचं, की खाली उत्तर येतं. अशा वहीला कोडवही म्हणतात. मी काही फार वर्षांची नाही, पण आम्हा कोडवह्यांना म्हातारपण लवकर येतं. मला तर आलंच आहे.

मला श्रद्धाने बनवलं. ती सांगलीची. जतच्या एका कॉलेजात ती कॉम्प्युटर शिकवायची. तिथले कॉम्प्युटर असे, की नवीन काही बसवायला गेलं की मान टाकायचे. मुलांकडे फोन होते, तेही घरात मिळून एखादा. म्हणून तिने ठरवलं, सरळ ब्राउझरमध्ये उघडेल अशी वही करायची. इथपर्यंत सगळ्यांना पटलं. पण ती मला पायथन भाषेत लिहायला बसली, तेव्हा तिचा मित्र सुमंत हसायलाच लागला.

"अगं, ब्राउझरची भाषा जावास्क्रिप्ट. सगळे त्यातच लिहितात. तू पायथनमध्ये बटणं करत बसलीस, तर अख्खं पायथन आधी त्या फोनात उतरवावं लागेल. पोरं वाट बघून कंटाळतील."

"कंटाळू देत," श्रद्धा म्हणाली. "माझ्या मुलांना एकच भाषा येते, पायथन. वही जावास्क्रिप्टमध्ये केली तर ती नुसती वापरतील. आत डोकावलं तर काही कळायचं नाही. मला त्यांच्या हातची दुरुस्त होणारी वही पाहिजे."

सुमंतचं म्हणणं खोटं नव्हतं. पहिल्यांदा उघडताना मी इतका वेळ घ्यायचे, की मुलं मला उघडायला लावून चहा पिऊन यायची. पडद्यावर नुसतं गोल फिरत राहायचं आणि मला मेलीला लाज वाटायची. पण एकदा उतरले की मी नीट चालायचे, हेही सांगून ठेवते.

माझी मूळ प्रत सांगलीजवळच्या कुपवाडला होती, श्रद्धाच्या वडिलांच्या वर्कशॉपात. गंगाधरकाकांची दोन लेथ मशीन आणि बाजूला ऑफिसची छोटी खोली. त्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर माझं बिऱ्हाड. कुणी कुठूनही मला उघडलं, की मी तिथून निघायचे. काका तेलकट हात पुसत आत डोकवायचे. "चाललंय का गं तुझ्या पोरांचं?" एवढंच विचारायचे. त्या कॉम्प्युटरातून नेमकं काय जातं-येतं, हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि श्रद्धानेही सांगितलं नाही.

माझ्या आत पहिल्यांदा शिरली ती राणी. हरिबांची मुलगी. तिचं घर मेंढरांवर चालणारं, जतच्याही पुढे कर्नाटकच्या हद्दीजवळच्या वाडीतलं. एक दिवस तिने माझा आतला प्रोग्राम उघडून वाचला आणि वर्गातच म्हणाली, "आवं मॅडम, ही वही तर आपल्याच पायथनात लिवलीया."

"मग बघत काय बसलीस? बदल की."

तिने बदललं. प्रोग्राममध्ये चूक सापडली, की पायथन इंग्रजीत चार ओळी फेकतं. त्या ओळी दिसल्या, की निम्मा वर्ग घाबरून फोन ठेवून द्यायचा. राणीने मला त्या चुका तिच्या घरच्या बोलीत सांगायला शिकवलं. 'कंस उघडलास, आता मिटवायचा कुनी?' 'शून्यानं भागतीस व्हय गं?' 'ह्यो शब्द तू आधी कवा सांगितलाच न्हाईस.' मुलं हसून हसून बेजार व्हायची, पण फोन ठेवून द्यायची नाहीत. चूक हुडकायची आणि पुन्हा बटण दाबायची. मी त्या दिवसांत लय खुशीत होते. बघा, मलाही तिचीच बोली लागली.

मग पुण्याच्या एका संस्थेचं कळलं. वर्षभर तिथं राहून शिकायची सोय होती, निवड मात्र साताऱ्यात होणार होती. आपण केलेलं काम तिथल्या कॉम्प्युटरवर उघडून दाखवायचं. राणी मलाच दाखवणार होती. हरिबा स्वतः कॉलेजात आले.

"म्याडम, घेतलं तर जाऊ दे तिला, माझी ना न्हाई," ते म्हणाले. "पन न्हाई घेतलं, तर दसऱ्यानंतर मेंढरामागं यावं लागंल. तिच्या आईच्यानं आता चालवत न्हाई. दुसरं कोन हाय?"

निवडीची तारीख आली खंडेनवमीची. आदल्या दिवशी राणी सांगलीला श्रद्धाच्या घरी उतरली. सकाळी निघताना गंगाधरकाकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "घाबरू नकोस पोरी. जे केलंयस ते नीट दाखव." श्रद्धाही सोबत निघाली. एसटीत राणीने फोनवर मला एकदा उघडून पाहिलं. मी उघडले.

दुपारी काकांनी वर्कशॉपात पूजा मांडली. आमच्या भागात खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतात आणि मग दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. काकांनी लेथ पुसली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचे हार घातले. नट आवळायचे पाने, हातोडे ओळीने मांडले. स्वतःचा फोनही खिशातून काढून त्यांच्याशेजारी ठेवला. दिवसभर त्यावरच तर ऑर्डरी येतात, तेही हत्यारच. मग ते माझ्या खोलीत आले, कॉम्प्युटरला कुंकू लावलं आणि म्हणाले, "वर्षभर राबतंय बिचारं." बाहेर जाऊन त्यांनी मेन स्विच खाली केला, तशी मीही बंद पडले; मग कुलूप लावलं आणि दसऱ्याची खरेदी करायला गेले. दरवर्षी ते असंच करायचे. त्या दिवसांत वर्ग नसायचा, म्हणून कुणाच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

पुढचं मी दसऱ्याला ऐकलं. काकांनी स्विच वर केला तेव्हा श्रद्धा समोर उभी होती. साताऱ्यात फोन बाहेर ठेवायला लावले होते. दुपारनंतर राणीची पाळी आली, तिने तिथल्या कॉम्प्युटरवर माझा पत्ता टाकला. पान पांढरं आणि वर नुसतं गोल फिरत होतं. ती परीक्षकांना म्हणाली, "सर, जरा वेळ लागतो. मोठी हाय ती." तिला वाटलं, मी नेहमीसारखी रेंगाळतेय. तिचा माझ्यावर भरवसा होता ना. ती शांत बसून राहिली. घाबरून बाहेर श्रद्धाकडे आली, तोवर तिची वेळ संपत आली होती. श्रद्धाने वडिलांना फोनवर फोन लावले. तो फोन हातोड्यांच्या रांगेत, कुलपाच्या आत वाजत होता. परीक्षक माणूस म्हणून वाईट नव्हते. पण काम दिसल्याशिवाय गुण कशाचे द्यायचे?

काका स्टुलावर बसले. "मला काय माहीत गं, ती पोर ह्याच्यावर अवलंबून आहे म्हणून. काल सकाळीच तर तिला नीट दाखव म्हणालो मी."

"मी कधी सांगितलंच नाही, बाबा," श्रद्धा म्हणाली आणि रडायला लागली.

तिने संस्थेला किती विनवण्या केल्या. यादी भरली होती. पुढच्या वर्षी राणी वयाच्या अटीत बसत नव्हती. मेंढरं चरायला दूरच्या मुलखात निघाली त्या दिवशी राणीचा फोन आला. "मॅडम, काकांना काय बोलू नका. त्यांनी पूजाच केली." त्यानंतर तिचा फोन आला नाही.

यंदा कॉलेजाने तयार कोडवही आणली आहे. ती चटकन उघडते आणि दिसायलाही देखणी आहे. तिच्या आत कुणाला शिरता येत नाही आणि ती चुका इंग्रजीतच सांगते. निम्मा वर्ग पुन्हा फोन ठेवून देतो म्हणे. श्रद्धा त्याच वहीवर शिकवते. माझं पान ती उघडत नाही. काकांनी मात्र माझ्या कॉम्प्युटरला वेगळी वायर ओढली आहे. मी रात्रंदिवस चालू असते. मध्यंतरी एका दुपारी कुठल्याशा फोनवर कुणीतरी मला उघडायला लागलं होतं. मी निम्मी उतरले आणि रेंज गेली. पुन्हा लावलं, पुन्हा तुटलं. कोण होतं ते मला समजलं नाही. नंतर कुणी लावलं नाही.

मित्रांनो, कुठलंही यंत्र बंद करण्याआधी, त्यावर कुणाचं काम चाललंय का, एवढं विचारा. आणि तुमचं काम दुसऱ्याच्या यंत्रावर चालत असेल, तर त्याला ते सांगून ठेवा. विचारायला आणि सांगायला काय लागतं? तुम्ही हे कराल, कुणा दुसऱ्या मुलीला त्याचा उपयोगही होईल. राणीला होणार नाही. ती मेंढरामागं गेली आहे.