कानाझावाला गेलेला डबा

डबा आणायला कुणी जपानला जातं का, असं श्यामकांतनं, माझ्या नवऱ्यानं, मला तीनदा विचारलं. मी तीनदा हो म्हणाले. चौथ्यांदा विचारायची त्याची हिंमत झाली नाही, कारण डबा घालवला होता त्यानंच.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही सौदीतल्या अल खफजीत नवे होतो. नवरा समुद्रातल्या तेलविहिरींवर इंजिनिअर आणि मी दिवसभर घरात एसीचा आवाज ऐकत बसलेली. शेजारी हायाशीबाई राहायच्या, जपानी, माझ्याहून पंचवीसेक वर्षांनी मोठ्या. त्यांचे यजमानही तेलातलेच. बाई दुपारच्या चहाला यायच्या. दोघींचं इंग्रजी यथातथाच, पण गप्पांचं काही अडलं नाही. ओट्यावर आईनं लग्नात दिलेला स्टीलचा डबा असायचा, नाव घातलेला: चि. सौ. कां. सुहासिनीस आईकडून. बाईंना ती ठिपक्याठिपक्यांची अक्षरं फार आवडायची. मी त्यांचं बोट धरून अक्षरांवरून फिरवायचे आणि वाचून दाखवायचे. एवढं लांबलचक काही त्यांना जमेना. शेवटचा शब्द तेवढा पाठ झाला.

मग त्यांच्या यजमानांची जपानला बदली झाली. निघायच्या दिवशी मी चिवडा केला आणि श्यामकांतला म्हटलं, एखाद्या डब्यात भरून देऊन ये. या पठ्ठ्यानं समोर दिसला तो डबा उचलला. मला कळलं तोवर त्यांची गाडी दम्मामच्या विमानतळाच्या रस्त्याला लागली होती. खलास! त्याच वर्षी आई गेली. तिनं दिलेली दुसरी वस्तू माझ्याकडे इथे नव्हती. पुढे भांडण कशावरूनही सुरू होवो, मी ते डब्यावर आणून सोडायचे, आणि तो बिचारा ऐकून घ्यायचा.

गेल्या वर्षी हायाशीबाईंच्या मुलीनं, काओरीनं, मला फेसबुकवर शोधून काढलं. आई आता माझ्याकडेच असते, कानाझावाला, आणि तुमचा डबा अजून आहे, असं तिनं लिहिलं. मी लगेच तिकीट काढलं, एकटीचं. मी इथे नवऱ्याच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, त्यामुळे कायद्यानं माझा कफील, म्हणजे जामीनदारही तोच. त्याला मुकाट्यानं मोबाइलवरून माझा देशाबाहेर जाण्यायेण्याचा परवाना काढावा लागला.

कानाझावा जुनं गाव आहे. किल्ला, मोठी बाग, जाळीच्या दारांच्या लाकडी घरांच्या गल्ल्या. पहिल्या दिवशी सगळं पालथं घातलं, पायांचे तुकडे पडले. एकटीनं हॉटेलात जेवताना आधी अवघडल्यासारखं झालं, मग बरं वाटलं. आटप लवकर म्हणणारं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काओरीकडे गेले. पिशवीत घरून केलेला चिवडा होता. डबा आणायला जायचं ते रिकाम्या हातानं कसं?

काओरीनं दारातच हळू आवाजात सांगितलं, आईला आता कुणी फारसं ओळखू येत नाही. खफजी तर आठवतच नाही. आत गेले तर बाईंनी वाकून नमस्कार केला, अनोळखी पाहुण्याला करावा तसा. डबा त्यांच्या मांडीवर होता. रोज असतो, काओरी म्हणाली, आणि मला द्यायला म्हणून ती तो काढून घेऊ लागली. बाईंनी तो घट्ट धरला. काओरी शरमली, पुन्हा ओढायला लागली. बाईंचं बोट मात्र अक्षरांवरून सावकाश चाललं होतं. शेवटाशी येऊन थांबलं.

"आईकडून," त्या म्हणाल्या.

अगदी स्वच्छ म्हणाल्या. खफजीतल्या सगळ्या वर्षांतलं एवढंच त्यांच्याजवळ उरलं होतं, आणि मी तेच न्यायला आले होते. मला स्वतःची लाज वाटली. मी काओरीचा हात धरला आणि राहू दे म्हटलं. डब्यात बटणं होती. ती एका वाटीत काढली, डब्यात चिवडा भरला आणि तो पुन्हा बाईंच्या मांडीवर ठेवला. मग आम्ही दोघींनी त्यातला थोडा थोडा खाल्ला. त्यांना तिखट लागला, पण त्यांनी दुसऱ्यांदा घेतला.

श्यामकांत रजा टाकून दम्मामला न्यायला आला होता. त्याची नजर आधी माझ्या पिशवीवर गेली.

"डबा कुठाय?"

"दिला."

त्यानं गाडीची किल्ली पुन्हा खिशात टाकली. या डब्यापायी बावीस वर्षं माझं डोकं खाल्लंस, म्हणाला.

"तेव्हा तो चुकून गेला होता," मी म्हटलं. "आता मी दिला."