डाव्या मनगटाचं दुखणं

आयलेनचा एक नियम होता. पुढची मॅच कोणाशी आहे हे तिच्यासमोर कोणी बोलायचं नाही. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तशी ही समोर येणाऱ्या मुलीचं नाव घेत नसे. दुसऱ्या कोणी चुकून घेतलंच तर झटकन डाव्या छातीवर हात ठेवून अपशकुन झटकायची. कोणाची मॅच कोणाशी ते लिहिलेला ड्रॉचा कागद लावलेल्या भिंतीपाशी आली की डोळे मिटून पुढे जायची. मेंदोसाच्या स्पर्धेत अशीच एकदा खांबावर आपटली होती. "समोर कोणी नसतं, प्रोफे," म्हणायची. "समोर फक्त चेंडू असतो." आणि हा प्रोफे, म्हणजे तिचा कोच एल्व्हियो, ज्याला एकेका मुलीची खोड तोंडपाठ, त्याने आपलं ज्ञान घालायचं कुठे? चुलीत? बारा वर्षं हा माणूस नुसता चरफडत होता.

त्या आठवड्यात ती दोघं पारानाच्या टेनिस स्पर्धेत होती आणि उद्या सेमीफायनल होती. जिंकली तर ब्युनोस आयर्सच्या मोठ्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत जागा. हरली तर मार्चपासून मेहुण्याच्या खिळे-बिजागऱ्यांच्या दुकानात. हे तिने स्वतःच नाताळच्या जेवणात सगळ्यांदेखत जाहीर केलं होतं: सत्तावीस वर्षांची झाले, आता बास. जाहीर करायची काही गरज होती का? पण हिला सांगणार कोण!

आणि उद्या समोर होती कान्देला. आठवडाभर आयलेनच्याच खोलीत, शेजारच्या पलंगावर झोपणारी कान्देला. दोन वर्षं जर्मनीतल्या एका क्लबकडून खेळून ती नुकतीच परतली होती. दोघींच्या मॅच रोज एकाच वेळी, त्यामुळे इतक्यात एकीने दुसरीचा खेळ पाहिलेलाच नव्हता.

संध्याकाळी पाचला तिघं घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात येर्बाचा कडू काढा पीत बसली होती. वाळक्या भोपळ्याचा एकच पेला, एकच नळी, पाळीपाळीने सगळ्यांना; ओतणारी आयलेन. तिने पहिला भोपळा कान्देलाच्या हातात दिला आणि सुरू झाली.

"डावं मनगट गेलं गं माझं. बॅकहँड मारला की कळ थेट खांद्यापर्यंत जाते. डॉक्टर म्हणाले, आणखी ताण दिलास तर सहा महिने घरी."

एल्व्हियोला ठसका लागला. अगं बये, उद्या हिच्याशीच खेळायचंय तुला! आणि मनगट? याच मनगटाने सकाळी तासभर दणके हाणले होते. डावीकडून दोन्ही हातांनी मारायचा तो बॅकहँड हीच तर तिची भाकरी. कच्चा होता तो उजवीकडचा फोरहँड. त्याने टेबलाखालून तिला पाय मारला.

"पाय आवर रे म्हाताऱ्या," ती म्हणाली. "त्या बाजूला चेंडू आला ना कान्दे, की मी संपले."

नाव घ्यायचं नाही, सांगायचं नाही. एल्व्हियोला तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

कान्देलाची मान खाली होती. तिने भोपळा संपवला, परत दिला आणि म्हणाली, "ग्रासियास."

एल्व्हियोने चमकून पाहिलं. येर्बाच्या फेरीत आभाराचा हा शब्द उगाच कोणी काढत नाही. ज्याला पुरे झालं तोच म्हणतो, आणि पहिल्याच भोपळ्याला कोण पुरे म्हणतं?

"का गं? कडू झालाय?"

"नाही, छान आहे. मला जायला हवं," असं म्हणून कान्देला उठून गेली.

दार लागलं आणि आयलेन फिस्सकन हसली. "गिळलं! पळालीच बघ डाव आखायला. उद्या सगळे चेंडू बॅकहँडला येणार."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"सकाळीच कागद पाहिला. एक डोळा उघडून."

"बारा वर्षं मला मूग गिळून बसवलंस, आणि आता स्वतःच..." एल्व्हियोने टेबलावर हात आपटला. "अगं, ती मैत्रीण आहे तुझी! जा, खरं सांगून ये तिला."

"सांगते की, परवा. प्रोफे, मला त्या दुकानात उभं राहायचं नाहीये, कळतंय का तुला?" हे म्हणताना तिचा आवाज एकदम चिरकला, आणि एल्व्हियो गप्प बसला. गप्प बसायला नको होतं. आपणच उठून कान्देलाचं दार वाजवायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी विटांच्या भुकटीच्या त्या लाल कोर्टावर आयलेन बॅकहँडची वाट पाहत उभी राहिली. पहिला चेंडू फोरहँडला आला. दुसराही. पाचवाही, पंधरावाही. बॅकहँडची अख्खी बाजू उघडी पडली होती, तिथे नुसता ढकलला तरी पॉइंट मिळाला असता; कान्देला वळून पुन्हा फोरहँडलाच मारायची. आयलेन डावीकडे आशेने सरकायची, मग उजवीकडे धावताना धापा टाकायची आणि चेंडू जाळ्यात घालायची.

पायऱ्यांवर बसलेल्या एल्व्हियोला तिसऱ्या गेमपर्यंत सगळं उमगलं आणि त्याने कपाळावर हात मारून घेतला. ती पोरगी काल डाव आखायला उठलीच नव्हती. आणखी ऐकणं बरं दिसणार नाही म्हणून उठली होती! आणि आज दुखऱ्या मनगटाला त्रास नको म्हणून चांगुलपणाने नेमकी तिथेच मारत होती, जिथे ही बया खरोखर कच्ची होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

"तिकडे मार ना!" दुसऱ्या सेटमध्ये आयलेन भर कोर्टात ओरडली. "घाबरतेस काय? मार तिकडे!"

कान्देलाने नुसती मान हलवली आणि पुन्हा फोरहँडला मारला. सहा-तीन, सहा-दोन.

जाळ्यापाशी तिने आयलेनला मिठी मारली. "एकही चेंडू तिकडे टाकला नाही हं. रात्रभर झोप नाही मला. तुझा तो नियम, म्हणून बोलता येईना." मग पळत जाऊन ती बर्फाची पिशवी घेऊन आली, आयलेनला बाकावर बसवलं आणि तिच्या धडधाकट मनगटावर पट्टीने बर्फ आवळून बांधायला लागली. बांधता बांधता एल्व्हियोवर उखडली.

"अशा हातावर खेळायला लावलंस तिला? कोच आहेस की कसाई?"

एल्व्हियोने आयलेनकडे पाहिलं. बोल की आता! ती खाली मान घालून पट्टीकडे बघत राहिली.

"चुकलंच माझं," एल्व्हियो म्हणाला.

तेव्हा कुठे आयलेनला रडू फुटलं, हुंदके देऊन, लहान पोरासारखं.

"फार झोंबतोय का गं बर्फ?" कान्देलाने घाबरून विचारलं.

"हो," आयलेन म्हणाली.