सदतीस हिमशिखरं
वर्गात बावन्न मुलं. निबंध आले एकोणपन्नास. त्यांतल्या सदतीस तलावांमध्ये बर्फाळ शिखरांचं प्रतिबिंब पडलं होतं आणि एकतिसांमध्ये हंस पोहत होते. उरलेल्या बारांमध्ये शेवाळ, तरंगती चप्पल, धुणं आणि विसर्जनानंतर राहिलेले मूर्तींचे सांगाडे होते. ते बारा जण तलावावर गेले होते.

विषय साधा होता. घराजवळच्या तलावावर जा, दहा मिनिटं बघा, दिसेल ते लिहा. रायपुरात तलाव शोधत हिंडावं लागत नाही. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर पीएच.डी.ला प्रवेश मिळेपर्यंत मी माझ्याच कॉलेजात, माझ्याच विभागातल्या पहिल्या वर्षाला लेखन शिकवत होते.

"यशदीप, पुरानी बस्तीतल्या तुझ्या तलावात शिखर कुठून आलं?"

"मैडम, बादल रहे होंगे." मागचे बाक हसले. "सबका वही है. ग्रुप में एक ने मोबाइल के एआई से लिखवाकर डाल दिया था."

त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, भीतीही नव्हती, नुसता कंटाळा होता. त्या कंटाळ्याचीच मला किळस आली. सदतीस जणांना मी वीसपैकी शून्य दिलं.

दुपारी विभागप्रमुख धर्मपाल सरांनी बोलावलं. माझा एम.एस्सी.चा प्रकल्प त्यांच्याच हाताखाली झाला होता. पीएच.डी.च्या अर्जाला दोन शिफारसपत्रं पोचली होती, तिसरं त्यांचं हवं होतं. मुदत त्याच दिवशी संपत होती.

"गंधाली, सदतीस शून्य? एवढे पोट्टे फेल झाले तं पुढच्या साली ॲडमिशन कोण घेईल? सोळा-सोळा देऊन टाक."

"सर, त्यांनी लिहिलेलंच नाही."

"आता कोण लिहिते? तू काहून एवढं मनावर घेऊन राहिली?" त्यांनी समोसा चटणीत बुडवला आणि एक कागद माझ्याकडे सरकवला. "अन् तुझं लेटर तूच बनव. हे मागच्या सालच्या श्रेयसचं आहे. नाव बदल, मी अपलोड करून देतो."

मी वाचलं. श्रेयसकडे स्वतंत्र विचार करण्याची दुर्मीळ क्षमता होती. दुसऱ्या परिच्छेदात त्याचं नाव विनोदिनी होतं.

"पहिले मार्क्स, मग लेटर," सर म्हणाले. "हव?"

"नाही, सर. आणि पत्र तुम्हीच लिहा. माझं काम तुम्ही दोन वर्षं पाहिलंय."

"तुझं काम आता मले काय आठवते, बाई!" ते मनापासून हसले आणि चटणीची बोटं त्यांनी त्याच कागदाला पुसली.

 मी तात्यापारा वस्तीतल्या घरी निघून आले. गुण मी बदलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजच्या संकेतस्थळावर त्या सदतीस जणांना प्रत्येकी सोळा गुण होते. विद्यापीठाच्या पानावर माझ्या नावापुढे लिहिलं होतं: शिफारसपत्रं तीनपैकी दोन, अर्ज अपूर्ण.