बरणीतून शेतात

मित्रांनो, मी एक जुना गव्हाचा दाणा आहे. खरं सांगायचं तर होतो. आता माझी ओंबी झाली आहे! वाऱ्यावर डोलता डोलताच बोलतो आहे, सांभाळून घ्या.

आमचं कुळ फार प्राचीन. पूर्वज रानगवत होते. पिकले की त्यांचे दाणे आपोआप गळून मातीत मिसळत. काही ओंब्यांतले दाणे मात्र गळेनात. माणसांनी त्याच ओंब्या खुडल्या, तेच दाणे पेरले, आणि आमची-तुमची जोडी जमली. तुम्ही आम्हाला पेरायचं, आम्ही तुमची पोटं भरायची.

माझा जन्म उंच ताटांच्या गव्हात झाला. पुढे बुटका, भरघोस पिकणारा गहू आला आणि आम्हाला कुणी विचारेना. एका पाव भाजणाऱ्या बाईंनी, केवळ सासऱ्यांच्या शेताची आठवण म्हणून, आम्हा मूठभर दाण्यांना घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवलं. भट्टीपासून लांब, थंड कोपऱ्यातल्या फळीवर. समोर रोज पिठाची पोती रिकामी व्हायची, पाव फुगायचे, वासानं दुकान भरून जायचं. आम्ही नुसते बघे! पोटात अंकुर, त्याच्या शिदोरीला पिठूळ गर, वर कोंड्याचा अंगरखा. सगळी तयारी असून बसून राहायचं म्हणजे काय, ते आम्हालाच ठाऊक.

एके वर्षी गव्हावर तांबेरा पडला. बाईंची भाची शेती करायची. ती दुकानात आली तेव्हा तिचे हात तांबूस भुकटीनं माखले होते.

"मावशी, पानाला हात लावला की असा गंज निघतो. सगळं पीक गेलं गं."

मावशींची नजर फळीवर गेली. "तो जुना गहू तांबेऱ्याला दाद द्यायचा नाही, असं मामंजी म्हणायचे."

मावशींचे यजमान हसले. "अगं, शोभेचे दाणे ते! त्यांना कोंब फुटला तर माझ्या टकलावरही केस उगवतील!"

भाचीनं आम्हाला ओल्या फडक्यात गुंडाळलं. पाणी पोटात शिरलं आणि मी टम्म फुगलो. पण बाहेर काहीच दिसेना. दिवस गेले. "कोंबड्यांना टाका आता," यजमान म्हणाले. जीव भांड्यात पडायचा सोडून चोचीत पडायची वेळ आली! मी होता नव्हता तेवढा जोर लावला आणि टचकन कोंब बाहेर!

"मावशी, ये लवकर! फुटला! हा बघ, हाही फुटला!"

मावशी पिठाच्या हातांनीच धावत आल्या. यजमानांनी हळूच टक्कल चाचपलं. माझे काही भाऊ निजलेलेच राहिले. बाकीचे आम्ही वाफ्यात गेलो.

पुढचं काय सांगू! मुळं खाली, पाती वर! शेजारच्या शेतात पुन्हा तांबेरा उतरला. माझ्याही पानावर एक तांबडी पुटकुळी आली आणि तिथेच सुकली! भाची रोज आमची पानं चोळून बघायची. बोटं स्वच्छ निघाली की एकटीच हसायची.

काल यजमान वाफ्यावर आले. "दळायला कधी देतेस?"

"काका, एकही दाणा नाही. यंदा सगळं बियाणं."

"बरं बाई. पण पुढच्या वर्षी पहिला पाव माझा!"

मित्रांनो, तुमच्या पोटात जायला आम्ही एका पायावर तयार आहोत, खुशाल खा. फक्त प्रत्येक जातीचे मूठभर दाणे पेरणीसाठी राखा, आणि त्यांना अधूनमधून मातीत जाऊ द्या. इथे किती ऊन आहे, किती वारा आहे! ती बघा, विळा घेऊन भाची आलीच. ये गं बाई, मी तयार आहे!