जावयाची गाडी

मी आठवडाभर माहेरी मयताला काय गेले, तेवढ्यात या लोकांनी माझ्या पेशंटला ‘उपचारांना नकार’ असा शिक्का मारून ठेवला.

मी नोरीन. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, समुद्रकाठच्या हॉस्पिटलात, कॅन्सर विभागात आमच्या माणसांचं बघते. आमची म्हणजे इथली मूळची, गोरे यायच्या आधीपासूनची. काम काय, तर डॉक्टर आणि आमची माणसं यांच्या मधोमध उभं राहून दोन्हीकडची बोलणी खाणं.

आणि नकार कुणाचा, तर मर्टलमावशीचा! दूर वाळवंटातून ही बाई घशातल्या गाठीला किरणांचा शेक घ्यायला आलेली, पेशंटांच्या हॉस्टेलवर राहायची. रोज मशीनखाली झोपली, मध्ये खंड पडू दिला नाही, तर बरी होईल असं डॉक्टर म्हणाले होते. मी गेले तेव्हा ती तयार होती.

“ब्रोना, हे काय आहे?” मी कागद तिच्यापुढे आपटला.

ब्रोना आमची नर्स, आयर्लंडची. कामाला वाघीण, पण त्या दिवशी रडवेली झाली होती. “मी काय करायचं बाकी ठेवलं, सांग! मुद्दाम त्यांच्याच मुलखातला माणूस लावला. क्लेम. हॉस्टेलवरून आणायची गाडी तोच चालवतो, दुभाषीही तोच. पण गाडी दिसली की ही बाई डोक्यावरून ब्लँकेट ओढते आणि हॉस्टेलच्या चिंचेमागं जाऊन बसते!”

“आणि क्लेम काय करतो?”

“त्याचं तर नावच काढू नकोस. गाडी लांब लावतो आणि पाठ फिरवून उन्हात उभा राहतो. तिला हाक मार म्हटलं तर मारत नाही. दुसऱ्याला पाठवा म्हणाला. का, तर उत्तर नाही. शेवटी साहेबांनी कामचुकार म्हणून नोटीस दिली. आता आणखी एक तक्रार आली की घरी.”

मी कपाळावर हात मारून घेतला. “अगं बये, तो जावई आहे तिचा!”

“काहीतरीच! क्लेमची बायको इथलीच आहे, मी ओळखते तिला.”

“बायको कुठली का असेना! त्यांच्यात नाती जन्मानंच ठरतात. नात्यानं ती सासू, तो जावई. सासू-जावई एका गाडीत बसत नाहीत, एकमेकांकडं बघत नाहीत, बोलत तर नाहीतच. तो मान राखत होता गं तिचा!”

“मग दोघांपैकी एकानं तरी सांगायचं ना!”

“सांगायचं म्हणजे एकमेकांबद्दल बोलणं आलं. तेही चालत नाही.”

खरं सांगू? मला सगळ्यांचाच राग आला होता. तशीच तरातरा खाली गेले आणि गाडीतळावर क्लेमला धरलं. “मेल्या, मला एक फोन करता येत नव्हता?”

“ताई, तू मयताला गेली होतीस. मयताच्या घरी ऑफिसचं रडगाणं कसं नेऊ?”

आता बोला! बरोबर वागून वागून या माणसांनी म्हातारीला मरणाच्या दारात नेऊन उभं केलं होतं.

त्यात डॉक्टरांनी बजावलं होतं, आज दुपारपर्यंत बाई समजून-उमजून हो म्हणाली तर ठीक, नाहीतर मशीनची वेळ दुसऱ्या पेशंटला. मावशीशी माझं मोडक्यातोडक्या इंग्रजीत जमतं, पण ते जेवलीस का, झोपलीस का, एवढंच. माझी भाषा वेगळी. घोडं इथंच पेंड खात होतं. तिच्या भाषेत शेक समजावणारा अख्ख्या शहरात एकटा क्लेम.

“मध्ये भिंत असली तर?” माझ्या मागोमाग खाली आलेली ब्रोना हळूच म्हणाली. “आणि तो तिच्याशी नाही, तुझ्याशी बोलेल. ती फक्त ऐकेल.”

मी बघतच राहिले. क्लेमही चमकला. म्हणाला, “चालतं. आमच्याकडं सासूला काही सांगायचं तर माणूस कुत्र्याला सांगतो. सासूच्या कानावर पडतं.”

“म्हणजे मी कुत्रा.”

“आज तेवढं कर, ताई.”

ब्रोनानं स्वतः गाडी काढली आणि मावशीला डॉक्टरांच्या खोलीत आणलं. वाटेत तिची माफी मागितली, नोटिशीचंही सांगून टाकलं. क्लेम शेजारच्या चादरींच्या खोलीत पाठ करून बसला. दार अर्धं लोटलेलं. तो माझं नाव घेऊन त्याच्या भाषेत सावकाश बोलायचा, मला ओ की ठो कळायचं नाही, मी मान डोलवायची. मावशी ब्लँकेटाआडून ऐकायची.

मग डॉक्टर म्हणाले, “हेही सांगा. जो खंड पडला तो भरून निघत नाही. बरी होईल अशी खात्री मी आता देणार नाही.”

मग क्लेम बोलू लागला, आणि दोनदा अडकला. मी मान डोलवायची विसरले.

मावशी माझ्याकडं बघून तिच्या भाषेत बरंच बोलली.

“काय म्हणाली?” डॉक्टरांनी विचारलं.

“मला नाही सांगता येणार,” दारामागून क्लेम म्हणाला. “ते माझ्याबद्दल आहे.”

मावशीनं वैतागून ब्लँकेट मागं सारलं आणि रीत जरा बाजूला ठेवून, बसक्या आवाजात इंग्रजीतच सुनावलं, “तो माणूस रोज उन्हात उभा राहिला. माझ्यासाठी. आधी त्याची नोटीस फाडा. मग मशीन.”

“पण बाई, तुमच्या आजाराचा आणि नोटिशीचा काय संबंध?”

“माझ्यापायी त्याची चूल विझली, तर मी बरी होऊन त्याच्या पोरांना काय तोंड दाखवू?”

ब्रोना धावतच साहेबांकडं गेली. काय बोलली देव जाणे, पण त्यांचा चढलेला आवाज जिन्यापर्यंत ऐकू येत होता. परत आली ती नोटिशीचे तुकडे घेऊनच. ते तिनं मावशीच्या हातात दिले. मावशीनं ते नीट खिशात ठेवले, उठली आणि मशीनकडं चालायला लागली.

“ताई,” दारामागून क्लेमनं मला हाक मारली, जरा मोठ्यानंच, “उद्या गाडी कोण चालवणार?”

“ब्रोना.”

“मग तिला सांग, हॉस्टेलच्या वळणावर खड्डा आहे, तिथं हळू घे म्हणावं. त्यांच्या मानेला हिसका बसतो.”

मावशी खोलीबाहेर पडता पडता दारापाशी थांबली होती. त्याचं बोलणं संपेपर्यंत ती पुढं गेली नाही.